आजारी मुलांसाठी धावायचंय, पण लोकांकडे पैसे मागायचे कसे?

तलावपाळीची_मुक्ता

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

माझ्या भाच्याला चार वर्षांचा असताना ब्लड कॅन्सर झाला, एएलएल. ताप उतरेना आणि पिंढऱ्यांवर निळे डाग. आम्हाला वाटलं, खेळताना पडला असेल. पुढे अडीच वर्षं उपचार चालले. आता तो दहा वर्षांचा आहे, पाचवीत आहे, बरा आहे आणि आईशी दिवसभर वाद घालतो.

त्या काळात ताईबरोबर मी कितीतरी वेळा ठाण्याहून पनवेल लोकल पकडून खारघरला, टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या ॲक्ट्रेक केंद्रात गेले. दमून जायचो, पण संध्याकाळी परतायला आम्हाला घर होतं. तिथे वाशिमकडच्या एका जोडप्याशी ओळख झाली. त्यांची मुलगी सहा वर्षांची. शेत बटाईने दिलेलं, बैलजोडी विकलेली, राहायला लॉजची एक खोली. स्टिरॉइड चालू असले की मुलांना भयंकर भूक लागते. ती पोर रात्री दोनला उठून वरणभात मागायची. खोलीत शेगडी पेटवायला मनाई. आई बिस्किटं पाण्यात भिजवून भरवायला बघायची आणि ती तोंड फिरवून एकच म्हणायची, "हे नको, भात." उपचाराच्या खर्चाला योजनेतून मदत मिळाली होती. पण रात्रीच्या भाताला कुठली योजना?

मी सहा वर्षं पळतेय. तीन हाफ मॅरेथॉन झाल्या. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, त्याच्या आसपासच्या रविवारी तलावपाळीहून खारघरपर्यंत, साधारण ३५ किमी, धावायचं ठरवतेय. जमतील ते पैसे बाहेरगावच्या मुलांच्या राहण्या-जेवणासाठी द्यायचे. पण मला मागता येत नाही. ऑफिसात वर्गणी मागायची वेळ आली तरी मी दुसऱ्याला पुढे करते. तुमच्यापैकी कुणी असे पैसे उभे केलेत का? कसे मागितले?

---

पळता_भुई

वाचतोय. आणि अर्थातच पाठिंबा.

---

सरळमार्गी

मुक्ताताई, हेतूबद्दल आदर आहे. पण मला हे धावण्याचं गणित कधीच कळलेलं नाही. ज्याला द्यायचंय तो थेट देईल. तुम्ही ३५ किमी धावल्याने वाशिमच्या मुलीला काय मिळणार? टीशर्ट, मेडल, बॅनर, केळी, पाणी यावर जो खर्च होतो तोही मुलांनाच द्या की. मी दरवर्षी आईच्या वर्षश्राद्धाला ठरावीक रक्कम देतो, कुणाला सांगत नाही.

---

कोपरखैरण्याचा_काका

सरळमार्गी, तुमचं देणं मोठंच आहे. पण तुमच्या शेजाऱ्याने काही दिलं का? नसेल दिलं, तर तो वाईट आहे म्हणून नव्हे. त्याच्याकडे कुणी मागितलंच नाही म्हणून.

मी मुंबई मॅरेथॉनमध्ये दोनदा एका संस्थेसाठी धावलो. पहिल्या वर्षी ऑफिसच्या ग्रुपवर एकच मेसेज टाकला, 'कृपया मदत करा, लिंक खाली'. ऐंशी जणांच्या ग्रुपमधून दोघांनी दिले. पुढच्या वर्षी ग्रुपवर काही टाकलंच नाही. एकेकाला फोन केला. सांगितलं, मी अमुक मुलांसाठी धावतोय, इतक्या मुलांचं महिन्याचं दूध होईल एवढे हवेत, तुमच्याकडून हजाराची अपेक्षा आहे, नाही जमलं तरी आपल्या चहात फरक पडणार नाही. पन्नास फोन केले, एकेचाळीस जणांनी दिले. आकडा स्पष्ट सांगायचा. "यथाशक्ती" म्हटलं की समोरचा संकोचतो, किती द्यावं कळत नाही आणि मग राहूनच जातं.

धावणं कशासाठी, याचं माझं उत्तर सांगतो. आधीचे चार-पाच महिने लोक विचारत राहतात, "काय, सराव कसा चाललाय?" प्रत्येक वेळी त्या मुलांचा विषय निघतो. नुसती देणगी देऊन मोकळा झालो असतो तर एकदाच निघाला असता.

---

जमाखर्च

पेशाने सीए आहे, म्हणून तेवढंच बोलतो. पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, स्वतःचा क्यूआर कोड तर अजिबात फिरवू नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी उद्या हिशेब मागितल्यावर त्रास होईल, शिवाय देणाऱ्याला करसवलत मिळणार नाही. नोंदणीकृत संस्था निवडा, लोकांना थेट तिच्या खात्यात भरायला सांगा आणि शेऱ्यात तुमचं नाव टाकायला सांगा, म्हणजे तुमच्यामुळे किती आले ते संस्था कळवेल. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि रोख दिलेत तर २००० रुपयांच्या वर मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक देणार असतील तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी हवी. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. इथे बरेच जण उगाच घाबरतात.

---

येऊरची_चढण

मार्गाबद्दल. ताई, हा रस्ता मी सायकलने नेहमी करतो. कळवा पूल, विटावा, ऐरोली, तिथून ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे, सानपाडा इथवर ठीक, पहाटे लवकर निघालात तर. पाम बीच रोडवर पहाटे गाड्या कशा सुटतात ते सगळ्यांना माहीत आहे. आणि बेलापूरपासून खारघरपर्यंत सायन-पनवेल महामार्गाच्या कडेने, तीस किमी झालेल्या पायांनी, एकटीने? मी माझ्या बहिणीला जाऊ देणार नाही.

सरावासाठी मात्र उपवनवरून येऊरचा चढ आठवड्यातून एकदा घ्या. रविवारचं मोठं अंतर हळूहळू वाढवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात नुसतं पाणी ढोसू नका, मीठ-साखर-लिंबू घ्या. घामातून मीठ जातं आणि वरून पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, चक्कर येते, प्रसंगी जिवावर बेततं. धावताना पाय दुखले म्हणून आयबुप्रोफेनची गोळी घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

---

खाडीकाठ

पाम बीचवरून पळायचं एकच खरं कारण, नेरुळच्या बाजूला पाणथळीत उतरलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. थंडी सरत आली की सगळी पाणथळ गुलाबी होते. मी एकदा बघत उभा राहिलो तो वीस मिनिटं हललोच नाही, घड्याळातला वेग बघून मित्राने फोन केला, "अरे, पडलास का?"

---

पळता_भुई

@खाडीकाठ, त्यापुढे वाशीतला गरम वडापाव. सांगायचं राहिलं बहुतेक.

---

आईची_डायरी

या धाग्यावर लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

माझ्या मुलालाही तोच आजार होता. कोल्हापूरजवळच्या गावातून आलो होतो. मदत गोळा करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने त्याचा फोटो काढला. डोक्यावर केस नाहीत, तोंड स्टिरॉइडने सुजलेलं, हाताला सलाईन. खाली त्याचं पूर्ण नाव, आमचं गाव. मी हो म्हटलं होतं. त्या दिवशी मी कशालाही हो म्हटलं असतं. पैसे आले, खोटं सांगणार नाही, उपयोगी पडले.

तो आता अठरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी तोच फोटो फॉरवर्ड केला, "या बाळाला वाचवा" म्हणून. खाली त्याचं नाव. त्याने घरी येऊन विचारलं, "आई, मला विचारलं होतंस का?" चार वर्षांच्या मुलाला काय विचारणार होते मी? पण त्याचा प्रश्न बरोबर होता.

मुक्ता, फोटो वापरू नकोस. नाव नको, गाव नको. तू वर भाताबद्दल लिहिलंस ना, तेवढं पुरतं. मी वाचलं तेव्हा माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

---

घोडबंदरकर

वरच्या प्रतिसादानंतर बराच वेळ काही सुचलं नाही.

---

परिचारिका

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात चौदा वर्षं काम केलंय. मुक्ताने राहण्या-जेवणाचा विषय काढला म्हणून लिहिते, कारण बाहेर हे कुणालाच ठाऊक नसतं.

एएलएल हा लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर आहे आणि उपचार पूर्ण झाले तर बहुतेक मुलं बरी होतात. 'पूर्ण' या शब्दावर सगळं आहे. पहिल्या महिन्यात मूल हसायला-खेळायला लागतं, तपासणीत रोग दिसेनासा होतो, आणि घरच्यांना वाटतं, झालं. हातातले पैसे संपलेले असतात, गावाकडे दुसरं मूल आजीजवळ असतं, पेरणी तोंडावर आलेली असते. ते निघून जातात. काही महिन्यांनी रोग उलटतो आणि तेव्हा तो पहिल्यापेक्षा चिवट असतो. औषध होतं, डॉक्टर होते, खाट होती. दोन-अडीच वर्षं तग धरायला छप्पर नव्हतं.

दुसरं म्हणजे काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, पडलेले असताना मुलाला ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. खोली जवळ असेल तर ते होतं. दोन तास लांब नातेवाइकाकडे राहत असतील तर? म्हणून राहण्याचा खर्च मी उपचारातच धरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवलंय की २०३० पर्यंत जगभरात कॅन्सर झालेल्या मुलांपैकी किमान ६० टक्के वाचली पाहिजेत. श्रीमंत देशांत आजच ८० टक्क्यांहून जास्त वाचतात. आमच्याकडे जी मुलं मध्येच सोडून गेली, त्यांतल्या काहींची नावं मला अजून पाठ आहेत.

---

अण्णा_दादरवाले

मुक्ता बेटा, गाडगेबाबांची तारीख निवडलीस, बरं वाटलं. बाबांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळच्या टाटाचे रुग्ण आणि त्यांची माणसं वर्षानुवर्षं राहत आली आहेत. मी पंच्याहत्तरचा आहे, तरुणपणी रविवारी तिथे भाजी निवडायला जायचो. मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून मोफत राहण्याची सोय करतात, त्यांचं केंद्र खारघरलाही आहे. आधी अशा ठिकाणी जाऊन विचार, त्यांना काय कमी पडतंय ते. आपण मनाने ठरवून ब्लँकेटं नेतो आणि त्यांना हवे असतात गॅस सिलिंडर.

---

सरळमार्गी

आईची_डायरी आणि परिचारिका, दोघींचे प्रतिसाद दोनदा वाचले. राहण्याचा खर्च हा उपचारच, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. माझी देणगी आजवर औषधांच्या नावानेच जात होती.

टीशर्ट-मेडलबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे. कार्यक्रमाचा खर्च वेगळा, तो आयोजकांनी स्वतःच्या खिशातून करावा. देणगीतला रुपयाही त्यात जाऊ नये.

---

टोरांटोची_ठाणेकर

सरळमार्गी, तुमचं हे म्हणणं इथे कॅनडात सगळ्यांना पटेल, कारण इथल्या एका मुलाने तेच केलं होतं. टेरी फॉक्स. अठराव्या वर्षी हाडाच्या कॅन्सरने उजवा पाय गेला. वॉर्डात बाजूला लहान मुलं सोसताना पाहिली आणि त्यातून ठरवलं की देशभर धावायचं. १२ एप्रिल १९८० ला निघाला, कृत्रिम पायावर, दिवसाला जवळपास एका मॅरेथॉनइतकं अंतर. १४३ दिवस, ५३७३ किमी. १ सप्टेंबरला थंडर बेजवळ थांबावं लागलं, कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. पुढच्या जूनमध्ये बाविसाव्या वर्षी गेला.

त्याने मागणं कसं ठेवलं होतं बघा, प्रत्येक कॅनेडियनाकडून एक डॉलर. आणि ते पूर्ण झालं, फेब्रुवारी १९८१ पर्यंत लोकसंख्येइतके म्हणजे दोन कोटी चाळीस लाखांवर डॉलर जमले. कुठल्याही कंपनीची जाहिरात केली नाही, स्वतःसाठी काही घेतलं नाही. माझी मुलगी इथल्या शाळेत दर सप्टेंबरला त्याच्या नावाने धावते. मी राबोडीत वाढले, तिला सांगते की ठाण्यात पण कुणीतरी धावणार आहे.

---

बाप_थॅलेसेमियाचा

एक विनंती, कॅन्सरबरोबर आमचीही मुलं लक्षात ठेवा. माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, रक्तपेढ्या रिकाम्या, तेव्हा आम्ही वेड्यासारखे फोन करत फिरतो. नवरा-बायको दोघेही मायनर, म्हणजे स्वतः आजारी नसलेले वाहक, असतील तर प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के शक्यता मेजर मूल जन्माला येण्याची. लग्नाआधी एचबीए२ ही रक्ताची तपासणी करून घ्या, पत्रिका नंतर बघा.

पैशांबरोबर धावणाऱ्यांकडे माझं दुसरं मागणं आहे. तुम्ही धडधाकट माणसं. कॅन्सरच्या मुलांना प्लेटलेट लागतात आणि त्या पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. धावणाऱ्यांच्या ग्रुपमधून दात्यांची यादी करा. मात्र मोठ्या धावेच्या आसपास देऊ नका, आणि आधी तीन दिवस ॲस्पिरिन नको.

---

घोडबंदरकर

मुक्ताताई, रस्त्याचं येऊरवाल्याने सांगितलं ते मला पटलं. प्रस्ताव मांडतो. आमचं कॉम्प्लेक्स घोडबंदर रोडला आहे, आतला रस्ता मी मोजला, एक फेरी ६२५ मीटर. ३५ किमीला ५६ फेऱ्या. गाड्यांची भीती नाही, पाणी, स्वच्छतागृह, सावली सगळं आहे. कमिटीशी बोललोय, होकार आहे. खर्च कमिटीचा, सरळमार्गींनी निश्चिंत असावं.

---

येऊरची_चढण

फेऱ्या मारून डोकं फिरतं, आधीच सांगतो. विसाव्या फेरीनंतर प्रत्येक कुंडी ओळखीची होते. पण हे सुरक्षित आहे, म्हणून माझं मत यालाच.

---

तलावपाळीची_मुक्ता

सगळ्यांचे आभार कसे मानू? ठरलं ते सांगते.

घोडबंदरकरांकडे ५६ फेऱ्या. अण्णांच्या सांगण्याप्रमाणे राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेत जाऊन आले. त्यांना खरोखरच गॅस, तूरडाळ, तांदूळ आणि मुलांच्या परतीच्या रेल्वेभाड्याला मदत हवी आहे. पैसे थेट त्यांच्या खात्यात. कुठल्याच मुलाचा फोटो नाही. मागणं टेरी फॉक्ससारखं सोपं, एका फेरीमागे दहा रुपये, म्हणजे माणशी ५६०.

काल पहिला फोन केला, आमच्या ऑफिसातल्या जोशीकाकांना. घसा कोरडा पडला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझी धाकटी बहीण यातच गेली, १९७१ साली. तेव्हा काही नव्हतं." सोळा वर्षं एका ऑफिसात बसतो आम्ही.

---

कोपरखैरण्याचा_काका

पहिला फोन झाला ना, आता तुला कुणी थांबवू शकत नाही.

---

तलावपाळीची_मुक्ता

(तीन महिन्यांनंतर)

धाग्याचं ऋण म्हणून वृत्तांत.

पहाटे पाचला सुरुवात. फेऱ्या मोजायचं काम कॉम्प्लेक्समधल्या मुलींकडे, दोन वाट्या आणि ५६ चिंचोके. मी समोरून गेले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. माझ्या घड्याळात ४१ झाल्या तेव्हा वाटीत ४० निघाले. शोधाशोध केली तर कुणाच्या तरी धाकट्या भावाने एक चिंचोका मुठीत गच्च धरला होता. मुलींनी निकाल दिला, "वाटीत नाही, म्हणजे फेरी झाली नाही." त्यामुळे मी ५७ मारल्या.

तिसाव्या किलोमीटरपासून डावी पोटरी धरली. चालले. तेव्हा माझा भाचा येऊन शेजारी चालायला लागला. मुलगा बोलका, पण त्या दोन फेऱ्यांत एक शब्द बोलला नाही. नंतर एवढंच म्हणाला, "मावशी, मला तिथली काचेची खिडकी आठवते फक्त." एकूण वेळ ५ तास २२ मिनिटं.

३७१ जणांनी दिले. कुणी फेरीमागे एक रुपया, कुणी शंभर. संस्थेने कळवलेला आकडा २,६८,४३० रुपये, पावती घोडबंदरकरांच्या सूचनाफलकावर लावली आहे. प्लेटलेट दात्यांच्या यादीत ४४ नावं आहेत, त्यांतल्या नऊ जणांनी आतापर्यंत दिल्या. सरळमार्गी स्वतः आले होते, पूर्ण वेळ पाणी देत उभे होते.

---

सरळमार्गी

आठव्या फेरीला मीही सोबत धावलो, तेही लिहा की.

---

बाप_थॅलेसेमियाचा

नऊपैकी दोघं आमच्या मुलीला रक्त द्यायलाही आले. मे महिन्यासाठी आणखी सहा जणांनी तारखा लिहून दिल्यात.

---

नवीन_सदस्य_अकोला

नमस्कार. शोधताना हा धागा सापडला. माझ्या मुलाला, वय पाच, काल हाच आजार सांगितला. सोमवारी निघतोय. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. काय घेऊन यायचं, कुठे थांबायचं, काही समजत नाही. कृपया कुणीतरी उत्तर द्या.

---

परिचारिका

दादा, बोनमॅरोची तपासणी झाली असेल तर रिपोर्टबरोबर काचपट्ट्याही मागून घ्या, त्या पुन्हा तपासतात. सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला मूळ प्रतींसह. रुग्णालयात पोचल्यावर आधी समाजसेवकांना भेटा, योजना आणि राहणं दोन्ही तेच मार्गी लावतात. वाटेत ताप आला तर सोमवारची वाट बघू नका, तिथल्याच मोठ्या रुग्णालयात न्या. ॲस्पिरिन देऊ नका, स्नायूत इंजेक्शन घेऊ देऊ नका.

---

तलावपाळीची_मुक्ता

भाऊ, गाडी आणि डब्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ठाण्याला उतरा, दादरपर्यंत जाऊ नका. मी आणि ताई फलाटावर असू, तिथूनच पनवेल लोकल मिळते. बाळाला काय आवडतं खायला, तेही कळवा, डबा घेऊन येते.